ट्यूबची मागची बाजू

सावळजच्या स्टँडसमोर माझं मेडिकल.
मार्च. सकाळचे अकरा.
शालन वाघमोडे बेदाण्याच्या रॅकवरून थेट आलेली,
डोक्यावर टॉवेल, हातांना डिपिंग ऑइलचा वास.
कनवटीतून ट्यूब काढून काउंटरवर ठेवली.
"पोरीनं धाडलीया सांगलीस्नं.
ह्यात वाईट काय न्हाई न्हवं, तेवढं वाचा."

पुढची बाजू मोठ्या अक्षरांची,
ती कुणीही वाचतं.
मागची बाजू मुंगीच्या पायांची.
मी एक्सपायरी बघायचं भिंग काढलं.

झिंक ऑक्साइड.
हे कातडीवरच बसतं, मी म्हणालो,
तान्ह्या बाळाच्या मलमात असतं तेच.
"मग चांगलं."
चांगलं. पण पांढरं दिसेल.
"दिसूंदे. मुकादम इचारंल, गिरणीत कवा लागलीस?"

पुढे ऑक्सिबेन्झोन.
इथं भिंग थांबलं.
तीस वर्षं मी या काउंटरमागे उभा,
'काही होत नाही' हे वाक्य
गोळ्यांच्या पुडीसोबत फुकट देत आलो.
आज ते जिभेवर येईना.
हे ऊन पिऊन टाकतं, शालन, म्हणून गाल वाचतो.
पण थोडं रक्तात उतरतं.
उतरतं, एवढं मोजलंय लोकांनी.
उतरून काय करतं,
ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही.
"म्हंजे वाईट?"
म्हणजे माहीत नाही.
"मग तसं लिवत का न्हाईत?"
जागा कमी असते, म्हणालो,
आणि माझं मलाच पटलं नाही.

शेवटी सुवास.
नुसतं 'सुवास', एवढंच.
त्या एका शब्दाच्या वाड्यात
किती बिऱ्हाडं आहेत, भिंगाला दिसत नाही.

ती मान वाकडी करून ऐकत होती.
मग म्हणाली,
"आमी द्राक्षाला त्याल लावतो, लवकर वाळावं म्हणून.
तुमी माणसाला लावता, वाळू न्हाई म्हणून."

तिच्या दोन्ही गालांवर वांग,
चहा सांडून तसाच वाळावा तसं.
"गोरं व्हायची हौस न्हाई मला.
ह्ये वाढू ने, बास.
बेदाणा उन्हात काळा पडतो, भाव मोडतो,
म्हणून त्येला हिरवी जाळी.
डिपिंगचा टब मातूर जाळीच्या भायेर.
आमाला कुठला भाव हाय मोडायला?"

मी आकड्यांकडं वळलो. आकडे सोपे.
भाजणारं ऊन वेगळं, मुरणारं ऊन वेगळं,
पन्नास लिहिलंय ते पहिल्यासाठी,
अधिकच्या खुणा आहेत त्या दुसऱ्यासाठी.
दोन बोटं भरून घ्यायचं, चिमूटभर नाही.
दर दोन तासांनी परत. घाम आला तर त्याआधीच.
"असं किती दिस जाईल?"
पंधरा. फार तर सतरा.
"किंमत?"
चारशे ऐंशी.
तिनं बोटांवर काहीतरी केलं.
"एक हजेरी, न् वर ऐंशी."

खालच्या खणातून मी दुसरी काढली,
मातकट रंगाची, वासाशिवाय.
यात आयर्न ऑक्साइड आहे.
"गंज?"
गेरू म्हण. वांगाला नुसता उजेडही पुरतो,
हा गेरू तो उजेड अडवतो.
"गेरू व्हय," ती म्हणाली, जरा सैलावून.
"त्यो आमी चुलीला लावायचो."
हिची किंमत तिनं विचारली नाही,
मीही सांगितली नाही.
टॉवेल सोडू नकोस, एवढं म्हणालो.
टॉवेलच्या मागच्या बाजूला काही लिहिलेलं नसतं.

लगेच तोंडाला नको, आधी कोपरात लाव,
उद्यापर्यंत खाज आली नाही तर बघू.
तिनं बाही वर सारली,
नखाएवढा गेरवा ठिपका लावून घेतला.
पोरीची ट्यूब कनवटीला परत खोचली,
टाकवेना तिला.

मग रस्ता ओलांडून गेली,
तो एक हात न दुमडता, अंगापासून लांब,
काठोकाठ भरलेलं काही न्यावं तसा धरून.
एसटीला हात करायलाही
तिनं दुसराच वर केला.