विनिपेग, पहिला महिना

गेनेट वहीत मधोमध रेघ ओढते,
जरा वाकडीच.
डावीकडे भाडं, अनामत, बसचे पास,
हीटरचं बिल. ते किती येईल
हे इथे कुणीच नीट सांगत नाही,
नुसतं हसतात, म्हणतात, जानेवारी येऊ दे.

उजवीकडे मुलुगेताचा पगार. एकच ओळ.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण अजून अंथरुणाचाच भाव चाललाय.
तोवर चौघंही कोटांवर झोपतात,
आणि धाकट्या नाहोमचे पाय तर
थांबायचं नावच घेत नाहीत:
बर्फाचे बूट एक माप मोठे घ्यायचे,
पुढे कागदाचा बोळा.

पडदे खोडले. टेबल खोडलं.
खुर्च्यांपाशी पेन अडलं,
मग त्याही.

आदिसहून मांडीवर आणलेली
कॉफीची मातीची सुरई,
टॉवेलात गुंडाळलेली, अठरा तास.
तिचा रकाना कुठला?

खालच्या मजल्यावरची ओक्साना आजी
वर आली: धूर कसला?
बिया भाजतेय, गेनेट म्हणाली.
म्हातारी दारातच घुटमळली,
मग गुडघे करकरवत
जमिनीवर बसली.

कप दोनच होते.

रात्री वहीत, सगळ्यात खाली,
न खोडता:
कप, एक.