तीन मिनिटं

टोलीडोच्या नगरसभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात.
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.
माझा नंबर एकोणिसावा.

मी लिफ्ट तपासतो. तेहतीस वर्षं झाली.
तुम्ही इमारती पुलावरून बघता,
मी आतून,
उभ्या काळोख्या विहिरीतून, दोरांच्या तेलकट वासातून.
उंची म्हणजे काय
ते मला तळाच्या खड्ड्यात उतरल्यावर कळतं.
तिथं सापडतात किल्ल्या, एका कानातलं एकच डूल,
एकदा तर वाढदिवसाचं कार्ड, पाकीट न फोडलेलं.

आधी ग्रॅहम टटल बोलला, वास्तुविशारद, कोवळा पोरगा.
पडद्यावर त्यानं मॉमी नदी दाखवली
आणि नदीपलीकडून शहराची रेघ.
म्हणाला, बघा, मधले दात पडल्यासारखी दिसते.
चौतीस मजले द्या, तोंड भरेल.
लोक हसले.
मला खालची कवळी आहे, मी जरा जास्तच हसलो.

मग जेनेव्हिव्ह शिमान्स्की, वय ब्याऐंशी,
चौथ्या मजल्यावर एकटी राहते, गॅलरीत टोमॅटो लावते.
तिनं एवढंच विचारलं,
तुमची सावली माझ्याकडे किती वाजता येईल?
टटलनं कागद चाळले.
तेवढ्यात तिची तीन मिनिटं संपली.

ओडेल प्युरिफॉय उठला तेव्हा वाटलं, हा विरोधच करणार.
ज्या पार्किंगवर ते चौतीस मजले उभे राहायचेत
तिथल्या टपरीत तो बसतो. नोकरी त्याचीच जायची.
म्हणाला, आधी तिथं टोप्यांचं दुकान होतं,
माझ्या आजोबांनी लग्नाची टोपी तिथून घेतली.
आता बहात्तर गाड्यांची जागा आहे, येतात नऊ.
अकरा वर्षं मी मोकळ्या जागेवर पहारा देतोय.
काहीही बांधा.
मला कुणाला तरी गुड मॉर्निंग म्हणायचंय.

मग माझं नाव पुकारलं.

मला सांगायचं होतं त्या कोपऱ्यावरच्या सत्तावीस मजल्यांबद्दल.
पंधरा ते चोवीस, दहाच्या दहा रिकामे.
बाविसाव्यावर दार उघडतं तेव्हा
गालिच्यावर टेबलांच्या पायांचे खळगे असतात,
भिंतीवर कधीचं तरी कॅलेंडर, नोव्हेंबरवर थांबलेलं,
आणि दिवे चालू.
सगळे.
संध्याकाळी पाचला आपोआप लागतात,
साडेअकराला आपोआप विझतात,
शहर कामात आहे असं दिसावं म्हणून.
बडा घर पोकळ वासा म्हणतात,
मी त्या वाशाला दर वर्षी हात लावून येतो.

पण मला हेही सांगायचं होतं
की माझी रेनी डेटनहून रात्री गाडी चालवत येते
आणि दिवे दिसले की फोन करते,
बाबा, दिसलं, आले मी.
तिला जे दिसतं
त्यातलं निम्मं ते दहा मजले असतात.
तिला मी कधी सांगितलेलं नाही.
आता या माइकवर सांगू?

हिरवा होता.
मी दोरांची जाडी सांगितली, ब्रेकचं वजन सांगितलं,
म्हणालो, इमारत रिकामी असली तरी
तपासणी तेवढीच करावी लागते.
कुणीतरी खोकलं.
एका सदस्यानं विचारलं, म्हणजे तुम्ही बाजूनं की विरोधात?
पिवळा.
मी म्हणालो, आधी आहे ते भरा.
मग वाटलं, ओडेलसमोर हे बोलायला नको होतं.
मग म्हणालो, किंवा बांधा, पण कुणासाठी ते
लाल.

निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.

बाहेर इरी सरोवराचा वारा, कॉलर वर करायला लावणारा.
ओडेल टपरीचं कुलूप बघायला चालला होता,
मी सोबत गेलो.
बहात्तर पांढऱ्या चौकटी, एक गाडी. माझीच.
त्यानं मान मागे टाकली, हवेत बोटानं मजले मोजले,
कुठं तरी विसाच्या आसपास सोडून दिले.

साडेअकराला कोपऱ्यावरचे दहा मजले एकदम गेले.
झोपले वाटतं, ओडेल म्हणाला.
मी म्हणालो, हो.
उशीरच झाला आज त्यांना.