बुडबुड्यांमागे

नऊ वर्षांचा असताना मी मामाचा श्वास वाचायला शिकलो.
काउकिराच्या समुद्रात, होडग्यात उकिडवा बसून,
हळू वल्हं मारत, पाण्यावर फुटणाऱ्या बुडबुड्यांमागे.
मोठे, सावकाश : कपारीत हात घालतोय.
बारीक, भराभर : आकडीला शेवंड लागली.
काहीच नाही : मग मीच श्वास धरायचो.

बोटीवर काँप्रेसरपाशी म्हातारा ओस्लिन.
त्याच्या आजानं पितळी टोपाचा माणूस पाहिला होता,
पायांत शिशाचे जोडे, टोपापासून बोटीपर्यंत रबरी नाळ,
वर दोघं चाक फिरवताहेत, घामही न पुसता.
ते थांबले की खालचा थांबला.
हवी असो नसो, हवा येतच राहायची,
पोट भरलं तरी वाढणाऱ्या यजमानासारखी.

मग कुठल्याशा थंड देशात, युद्धात पेट्रोल आटलं
तेव्हा मोटार गॅसवर चालवायची एक झडप
कुणीतरी माणसाच्या तोंडाला लावली
आणि नाळ कापली.

ओस्लिन ती उघडून दाखवायचा.
आत एक रबरी पडदा, बेडकाच्या गळ्यासारखा.
तू ओढलंस की आत जातो, कांडी दबते, हवा सुटते.
मागितल्याशिवाय देत नाही,
मागितल्यावर नाही म्हणत नाही.
"देवापेक्षा बरी," म्हणायचा,
आणि रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा.

फक्त टाकीत किती उरलं ते सांगणारा काटा
मालकानं कधी घेतला नाही.
हवा चावून ओढावी लागली की समजायचं, संपली.
चाळीस मीटर खाली.
दिवसाला बारा टाक्या, कधी चौदा,
प्रत्येकीला डिझेलची चव.

त्या दिवशी तेराव्या टाकीला
बुडबुडे उकळी फुटल्यासारखे आले
आणि त्यांच्याच वेगानं मामा.
हातात शेवंड. सोडली नव्हती.
हसला. पाणी प्यायला.
अर्ध्या तासानं म्हणाला,
"माझे पाय कुणीतरी धरलेत."

आई म्हणाली, लिवा माइरिन, पाण्यातली बाई.
फार ओरबाडलं की धरते.
डॉक्टर म्हणाला, नायट्रोजन.
घाईनं वर आलं की रक्तातच बुडबुडे फुटतात.
मला दोघांचंही पटलं.
मी बाहेरचेच मोजत बसलो होतो.

विल्मोर मामा आता ओस्लिनच्या स्टुलावर बसतो.
भिंतीला दोन कुबड्या, मांडीवर झडपा,
डब्यात व्हिनेगर, खारं मीठ काढायला.
प्रत्येक झडप फुंकून ऐकतो,
कुठला पडदा फाटलाय ते कानानं सांगतो.
पहिल्याच आठवड्यात त्यानं काँप्रेसरचं हवा ओढणारं तोंड
लांब नळीनं, बांबूला बांधून,
धुरापासून वाऱ्याकडे वळवलं.
नळीचे पैसे मालकानं त्याच्या पगारातून कापले.

आता खाली मी जातो.
कमरेला पट्टा बांधताना तो दर वेळी तेच सांगतो :
वर येताना श्वास धरू नकोस, धीर धर.
सगळ्यात बारीक बुडबुडा बघ,
त्याला पुढे जाऊ दे, तू त्याच्या मागे.

"फार हळू असतो तो, मामा."

"असू दे," म्हणतो,
आणि स्वतःच्या पायांवरची माशी
हातानं हाकलतो.