तेलाचा तिसरा हिस्सा

शनिवारी सकाळची शाळा भरते गावात,
आणि शनिवारी आमच्या घरात पेन्सिलसुद्धा उचलत नाहीत.
म्हणून मीच मास्तरीण. पडवी हाच वर्ग,
बंद पडलेल्या घाण्याच्या लाटेला टेकवलेली पाटी,
मागे पोफळींत शिरलेला रेवदंड्याच्या खाडीचा वारा.

आज शुक्रवार. दोन वाजले.
दिवेलागणीच्या आत चूल विझायला हवी.
तोवर अपूर्णांक.

“पाव मोठा की तिसरा हिस्सा?”
योनातान बारा वर्षांचा, त्याला कायम घाई.
“पाव! चार तिनापेक्षा मोठे.”
सिप्पोरा नऊची. तिला उत्तर येत असलं
की ती आधी अंगठ्यानं सारवण उकरते.

मी आठवड्याचा पाठ उघडते,
एका पानावर हिब्रू, समोरच्यावर आपलं मराठी.
रानात भटकणाऱ्या लोकांना सांगितलेला हिशेब:
कोकरू आणलंत तर पाव हीन तेल,
एडका आणलात तर हीनाचा तिसरा हिस्सा,
गोऱ्हा असेल तर अर्धं.
“हीन म्हणजे किती गं?”
“नक्की ठाऊक नाही. आपण पेला धरू.”

दोन सारखे पेले, काठोकाठ खोबरेल.
एक ओतला तीन वाट्यांत, दुसरा चार.
“आता बघा. वाटेकरी वाढले की वाटा बारीक.”
योनातान वाकून बघतो, रुसतो.
“आकडा मोठा आणि वाटी रिती. ही फसवणूक झाली.”
“फसवणूक कसली? कोकरू केवढंसं, एडका केवढा!”

त्यांचे पणजोबा शनिवारी बैल सोडून ठेवायचे.
अख्खं गाव म्हणायचं, शनवार तेली.
पावकी, निमकी, पाऊणकी त्यांच्या जिभेवर,
आणि तेल मोजताना मापात कधी अंगठा बुडवला नाही.
हे मी दर महिन्याला सांगते.
मुलं आता माझ्याआधी अंगठा वर करून दाखवतात.

“बरं, दोन तृतीयांश की तीन चतुर्थांश?”
योनातान लगेच वाट्या सरकवू लागला,
बोटं तेलात, तेल चटईवर.
सिप्पोरानं कशालाच हात लावला नाही.
“दोघांनाही पुरं व्हायला एकेक वाटीच कमी.
पण पावाची वाटी बारकी.
म्हणजे तीन चतुर्थांश पुऱ्याच्या जास्त जवळ.”

हे मी शिकवलं नव्हतं.
शाबासकी ओठावर होती,
तेवढ्यात ती पुढे म्हणाली,
“मग नऊ दशांश त्याहून जवळ, ना?
तरी गेल्या शुक्रवारी बाबा परत का आले?”

गेल्या शुक्रवारी सिनेगॉगमध्ये नऊच जण जमले.
शालोमकाका पोराकडे अश्दोदला गेल्यापासून
दहावी खुर्ची भिंतीला लावलेली आहे.
मी म्हटलं, दहा लागतात.
नऊ जमले म्हणून नऊ दशांश प्रार्थना होत नाही.
तिथे जवळचं, लांबचं, काही नसतं.
“मी तेराचा झालो की होतील दहा,”
योनातान बसल्या जागी उंच झाला.

“आणि मी?”
सारवण उकरणारा अंगठा थांबला होता.
“मी केवढा हिस्सा?”

पाटीवर बरीच जागा होती.
खडूही हातात होता.
मी माझ्या आईला हे कधी विचारलं नव्हतं,
त्यामुळे तिनं काय सांगितलं असतं
तेही मला आठवेना.

“बाबा आले की त्यांनाही विचार,” मी म्हटलं,
आणि मलाच ते मापातल्या अंगठ्यासारखं वाटलं.

साडेतीन झाले. सात वाट्या परत बाटलीत ओतल्या.
दिव्याच्या पेल्यात आधी पाणी,
वर तरंगतं तेल. ते काम सिप्पोराचं.
“किती घालशील?”
तिनं पेला डोळ्यांसमोर धरला, उजेडात तिरका केला.
“रात्रभर पुरेल इतकं,” म्हणाली,
आणि वाट्यांना चिकटून राहिलेलं,
कुठल्याच हिशेबात न धरलेलं तेल
बोटानं निपटून आपल्या वेणीला लावत बसली.