छाट

हजार बिड्यांना लागतो एक दिवस
आणि एक एपिसोड.
हे गणित आमच्या टोलीवर सगळ्यांना पाठ होतं,
तुमसरच्या सट्टेदाराला सोडून.

मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
कैचीमागे पुस्तकला हुमणे.
शाळा दुसरीतच सुटली, नाव तेवढं राहिलं.
रात्री बोडीच्या पाळीवरून चालत जायची
पोलीस पाटलाच्या ओसरीत, टीव्हीपुढे,
आणि सकाळी सगळं बांधून आणायची:
सुनेचा शालू, सासूचा डावा डोळा,
दार उघडताना कडाडलेली वीज
तीनदा, तीन तोंडांवर.
वीज दाखवायला दोन्ही हात मोकळे लागत.
तेवढ्या तिच्या बिड्या कमी पडत,
त्या आम्ही भरून द्यायचो, प्रत्येकी पंधरा.
मी आठ वर्षांची, नखानं बिड्यांची तोंडं मुडपत
विचारायची, "मंग का झालं वो?"

एकदा डीपी जळाली.
पहिल्या दिवशी पुस्तकला गप्प.
कोणाच्याच सातशेच्या वर गेल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी पान कापता कापता म्हणाली,
"काल तं ते सून घरातून निंगाली."

अख्ख्या गावात अंधार होता.
काल कुठं पाहिलंस, कोणी विचारलं नाही.

सून निघाली ती एसटीत बसली,
कंडक्टरला सुटे पैसे दिले.
पाचव्या दिवशी तिला काम लागलं, बिडीचंच,
दुसरं कोणतं लागणार?
सातव्या दिवशी सट्टेदारानं छाट काढली,
दोनशे बिड्या बाजूला, मजुरी नाही,
आणि बिड्याही त्याच्याच पोत्यात.
सून म्हणाली, छाट आहे ना, तर मग मला परत दे.
इथे सत्यफुलाचा दोरा तुटला.
नवव्या दिवशी सुनेचं कार्ड निघालं,
फोटोसकट, बापाचं नाव लावून.

बाराव्या दिवशी लाईन आली.
सगळ्या जणी गेलो पाटलाच्या ओसरीत.
सून तिथेच. तेच स्वयंपाकघर, तोच शालू,
डोळ्यांत तेच पाणी, पडेना की सुकेना.
रेवंता शहारे उठली, पदर झटकला,
"टीव्ही मांगं रायली," म्हणाली,
आणि आम्ही घरी आलो.

पुढे शिकायला नागपूरला गेले.
वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात कळलं,
ह्या मालिका साबणवाल्यांनी पोसल्या.
दूर अमेरिकेत, रेडिओवर, दुपारच्या वेळी
हात फेसात असलेल्या बायकांसाठी.
गोष्ट संपू द्यायची नाही,
साबण तेवढा संपला पाहिजे.

दोन पानं पुढे क्युबा.
चिरूट वळणाऱ्यांची लांब खोली,
मधोमध उंच खुर्ची, खुर्चीत वाचणारा माणूस.
रोज कादंबरीचा एक तुकडा.
त्याचा पगार मालक देत नव्हता,
वळणारे आपल्या मजुरीतून काढून देत.
तिथून ती सवय रेडिओत गेली,
रेडिओतून टीव्हीत,
आणि ब्राझीलमध्ये शेवटच्या भागाच्या रात्री
रस्ते ओस पडू लागले.

मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले.
मजुरीतून काढून.
प्रत्येकी पंधरा.
बोटाला अजून जर्द्याचा वास होता,
किंवा मला तसं वाटलं.

दिवाळीत गावी गेले तेव्हा पुस्तकलाला सांगितलं.
साबणाचं तिला नवल नव्हतं,
"सोडा इकाले कोनी फुकट रडते का?"
खुर्चीवाल्याचं मात्र दोनदा सांगायला लावलं.
किती उंच? चहा मिळे का? बाई का नाही?
मग बराच वेळ पान कापत राहिली.

"आन लाईन गेली तं?"
लाईनचं काय, मी म्हणाले, त्याच्या हातात पुस्तक होतं.
सगळं लिहिलेलं.

"असं," पुस्तकला म्हणाली,
आणि मघापासून अडलेला दोरा दातानं तोडला.
"मंग त्याले का कठीन."