धर्मकाटा

सावद्याबाहेर, फैजपूरच्या रस्त्याला, आमचा काटा.
साठ टनी. पत्र्याची खोली, एक खिडकी,
खिडकीवर निळ्या अक्षरांत: धर्मकाटा.
एकवीस वर्षं मी तिथे बसलो.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
चिठ्ठी फाडताना बोटांना कार्बन लागायचा,
तो रविवारी प्रभुभोजनाला हात पुढे करतानाही
नखांत असायचा.

मला वाटायचं, वरही असाच काटा असणार.
दशमांश वेळेवर, चर्चची फरशी दर शनिवारी,
दोन आजाऱ्यांच्या उशाशी रात्रभर जागलो,
ते सगळं भरतीत.
रिकाम्या गाडीचं वजन मात्र
मी कधी नीट लिहिलं नव्हतं.

रूथच्या किडनीचं दुखणं निघालं त्या उन्हाळ्यात
व्यापारी म्हणाला, गाडीमागे चाळीस किलो.
चाळीस किलो म्हणजे काय, दोन-तीन घड.
इंडिकेटरमागे एक तार, एवढंच.
डोंगर नाना चिठ्ठी डोळ्यांजवळ न्यायचे,
घडी घालून बंडीच्या खिशात ठेवायचे, म्हणायचे,
"धरमकाटा हाये भो, खोटं काबर बोलीन?"
आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायचे.

नाना वारले, त्यानंतर मी हिशेब मांडला.
त्यांच्या एकतीस गाड्या, त्या त्या दिवसाचा भाव:
अकरा हजार सहाशे ऐंशी.
बाकीच्यांची तर गावंही आठवेनात.
शुक्रवारचे उपास धरले. चर्चचं दार रंगवलं.
एका रात्री सगळे गेल्यावर
स्वतःच काट्यावर उभा राहिलो.
साठ टनी काट्याला दहा किलोंखालचं कळत नाही.
साठ दाखवी, मग सत्तर, पुन्हा साठ.
किती तरी वेळ आकडा ठरेना.

पौषात पाकीट घेऊन नानांच्या घरी गेलो.
सुपडाबाई मागल्या दारी पळाट्यांवर
वांगी भाजत होत्या.
उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, तारेसकट.
त्यांनी एक वांगं उलटलं.
"नानाले माहीत होतं.
रावेरच्या काट्यावर एकडाव मोजली व्हती गाडी."
मग बोलले का नाहीत?
"तुह्या पोरीचं दवाखान्याचं चालू होतं ना तव्हा."

धूर डोळ्यांत जात होता, ते बरं झालं.

म्हणजे मी खिडकीत बसून चोरत होतो
तेव्हाच मला माफ केलेलं होतं.
खिडकीच्या त्या बाजूला, उन्हात उभं राहून,
चिठ्ठीची घडी घालता घालता.

पाकीट पुढे सरकवलं.
"ते उचल आधी," बाई म्हणाल्या,
"मंग ताट वाढते."
मी उचलेना. त्या वाढेनात.
भरीत बडग्यात तसंच, हिरवी मिरची, शेंगदाणे,
कळण्याची भाकरी निवत चाललेली.

कृपा हा शब्द मी पाचव्या वर्षी पाठ केला,
आईच्या मांडीवर, भुसावळच्या चर्चमध्ये.
पण फेडायला बंदी असलेलं जेवण
साठाव्या वर्षी पहिल्यांदा जेवलो.
फेडणं सोपं असतं, हो.
घास गिळायला फार वेळ लागला.

त्या रविवारी पाळकांनी भाकर मोडली, नेहमीसारखीच.
हात पुढे केला. नखांत कार्बन होताच,
बोटांना लसणाचा आणि धुराचा वास.
कुणी मोजलं नाही.

सोमवारी तार काढून व्यापाऱ्याच्या टेबलावर ठेवली.
त्याने दुसरा माणूस ठेवला.

अजून अधूनमधून एखादं नाव आठवतं.
निंभोऱ्याचा एक जण, एक विवऱ्याचा,
एक नुसताच लाल ट्रॅक्टरवाला.
सायकल काढतो, जातो, ओट्यावर बसतो, सांगतो.
काही शिव्या देतात.
बरेच जण पैसे मोजून घेतात, तेही ठीकच.
परत येताना रस्त्याला काट्याची खिडकी दिसते.
मी थांबत नाही.