दोन कौलं

खानापूर सोडून नंदगडच्या वाटेला लागलं
की डावीकडं आमची शाळा.
मराठी माध्यम. सहावीचा पट एकोणीस.
तिसरा तास इंग्रजीचा,
आणि तो आला की वर्ग असा थांबतो
लाईट गेल्यावर पिठाची गिरणी थांबावी तसा.

व्हॉट इज युवर नेम, मी विचारते.
सातेरी बिर्जे बुटाच्या नाडीकडं बघतो.
बुटाला नाडी नाही.

हाच सातेरी सकाळच्या बसमध्ये
सुट्ट्या तीन रुपयांसाठी कंडक्टरशी
कन्नडात हुज्जत घालतो, आणि जिंकतो.
मुजावरांच्या शाहीनशी गोट्यांचा हिशेब उर्दूत,
आईशी भांडण मराठीत,
बैलाशी कुठल्या भाषेत बोलतो
ते बैलालाच ठाऊक.
तीन नद्या पोहून आलेलं पोर
चौथीच्या काठावर उभं आहे,
चड्डी भिजेल म्हणून.

मी भाषण दिलं. सगळ्याच बाई देतात ते.
इंग्रजी आली की दारं उघडतात, वगैरे.
मागच्या बाकावरून निंगव्वा म्हणाली,
"बाई, आमच्या गल्लीतली पाटी कन्नड,
घरातली हाक मराठी.
मग इंग्रजी कुठल्या खोलीत ठेवायची ओ?"
मला उत्तर सुचेना.
घंटा झाली आणि मी सुटले.

त्या रात्री झोप आली नाही.
दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं
आणि कुणालाच न सांगितलेलं सांगितलं:
बेळगावच्या कॉलेजात, पहिल्याच आठवड्यात,
उभं राहून मी आयलंडला इसलँड वाचलं होतं.
हसू पहिल्या बाकावरून निघालं
ते पार खिडकीबाहेर गेलं.
पुढचे दोन महिने मी त्या वर्गात
एकच शब्द बोलले. प्रेझेंट.

पोरं हसली. पोट धरून.
सातेरी सगळ्यात शेवटी हसला,
पण सगळ्यात जास्त वेळ.

त्याच्या बापाची कौलांची भट्टी आहे, ओढ्यापलीकडं.
शनिवारी शाळा सुटल्यावर तिकडून गेले
तर हा उकिडवा बसलेला,
हातात खिळा, पुढ्यात ओलं कौल,
आणि त्यावर कोरलेला फ्रेंड.
आय आणि ई एकमेकांच्या जागेवर बसलेले.
माझा हात लाल पेनासाठी शिवशिवला.
"बाई, बरोबर हाय काय?"
"तूच बघ की," म्हणाले,
आणि मागं न बघता चालू लागले. जड गेलं.

पंधरा दिवसांनी पोत्यात गुंडाळून
त्यानं दोन कौलं आणली. लालभडक, खणखणीत.
एकावर आय आधी, एकावर ई आधी.
"कुठलं बरोबर ते कळंना, बाई.
म्हणून दोन्ही भाजली."

मी काहीच बोलले नाही.
कौलं टेबलावर उभी केली, फळ्याला टेकून.

आणि मग सुरू झालं.
शाहीन म्हणाली, आय आधी, मी टीव्हीवर बघितलंय.
कुणी म्हणालं, टीव्हीवाले काय मास्तर हाईत?
निंगव्वानं दप्तरातून बिस्किटाच्या पुड्याचा कागद काढला,
त्यावरची अक्षरं बोटानं चाचपत बसली.
दोघं बाकावर चढले.
इंग्रजीच्या तासाला, तीन भाषांत,
दोन अक्षरांसाठी मारामारीची वेळ आली,
तेव्हा दारात हेडसर उभे.

"काय चाललंय?"

वर्ग परत गिरणीसारखा थांबला.
सरांनी माझ्याकडं बघितलं, मी कौलांकडं.
आणि नाडी नसलेले ते दोन बूट
फरशीवर वाजले. सातेरी उभा राहिला.
मान वर. आवाज भट्टीतून काढल्यासारखा, गरम.

"सर, वुई आर चुकिंग."

ते वाक्य मी दुरुस्त केलं नाही.
करीन. पुढच्या गुरुवारी.